टेल्मिसार्टन चालू असूनही बीपी पुन्हा पुन्हा वाढतंय? कुठे अडतंय ते असं शोधा

“चाळीसची गोळी रोज घेतोय. सुरुवातीला छान एकशे तीसच्या आत होतं, आता परत एकशे पन्नासच्या पुढे जातंय. ऐंशीची चालू करू का?” ओपीडीत हा प्रश्न इतका नेमाने येतो की तो पूर्ण होण्याआधीच मी गोळ्यांची पिशवी मागून घेतो. चिठ्ठीवर काय लिहिलंय आणि पोटात काय जातंय यांत बरंच अंतर असू शकतं.

टेल्मिसार्टन, लोसार्टन, ऑल्मेसार्टन, व्हल्सार्टन, कँडेसार्टन ही सगळी एकाच घराण्यातली औषधं. वैद्यकीय नाव अँजिओटेन्सिन रिसेप्टर ब्लॉकर. इथे सोयीसाठी ‘सार्टन’ म्हणतो. या घराण्यातलं पहिलं औषध, लोसार्टन, १९९५ साली अमेरिकेत मंजूर झालं. आपल्याकडे सध्या सर्वांत जास्त चिठ्ठ्यांवर दिसतं ते टेल्मिसार्टन, म्हणून उदाहरणं बहुतेक त्याचीच देतो.

पुढचं वाचण्याआधी एक अपवाद. बीपी १८०/१२० च्या वर आहे आणि सोबत छातीत दुखतंय, दम लागतोय, बोलणं अडखळतंय, तोंड वाकडं झालंय, एका बाजूचे हातपाय लुळे पडलेत किंवा दिसायला अंधुक झालंय, तर शोधाशोध नको, थेट हॉस्पिटल. आकडा तेवढाच आहे पण त्रास काही नाही, तर शांत बसा, थोड्या वेळाने पुन्हा मोजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. मनाने जास्तीची गोळी घेऊ नका. जिभेखाली गोळी ठेवून बीपी झटकन उतरवण्याची जुनी पद्धत अजून काही घरांत चालते. ती धोक्याची आहे. बीपी एकदम कोसळलं तर मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठा कमी पडतो.

आता मूळ मुद्दा. किडनीतून रेनिन सुटतं, त्यातून पुढे अँजिओटेन्सिन-२ तयार होतं. ते रक्तवाहिन्या आवळतं आणि किडनीजवळच्या अॅड्रिनल ग्रंथीला अल्डोस्टेरॉन सोडायला लावतं. अल्डोस्टेरॉनमुळे शरीरात मीठ आणि पाणी साचतं. अँजिओटेन्सिन-२ जिथे जाऊन बसतं ती जागा सार्टन आधीच अडवून ठेवतं. काम एवढंच. म्हणजे बीपी वाढण्याच्या अनेक वाटांपैकी ही एक वाट बंद होते. गोळी चालू असून बीपी वाढत असेल, तर एक तर आकडा खोटा आहे, किंवा वाट नीट बंद होत नाहीये, किंवा बीपी दुसऱ्याच वाटेने येतंय. याच क्रमाने शोधायचं. डोस वाढवण्याचा विचार त्यानंतर.

आकडा खरा आहे का?

दवाखान्यात जिना चढून आलात, नंबर लागेपर्यंत उभे राहिलात आणि आत येताच पट्टा बांधला, तर येणारा आकडा गोळीबद्दल काहीच सांगत नाही. घरी मोजायचं तेही शिस्तीने. अर्धा तास आधी चहा नाही, तंबाखू-मिश्री नाही, व्यायाम नाही. लघवीला जाऊन या. मूत्राशय भरलेलं असतानाही आकडा वर दाखवतो. पाठ टेकून खुर्चीत पाच मिनिटं बसा, पाय जमिनीवर सपाट, मांडी घालून नको, पायावर पाय नको. हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या पातळीवर. मोजताना गप्प बसा. मशीन चालू असताना “किती आलं गं?” असं विचारलं तरी आकडा वर सरकतो.

पट्ट्याकडे कोणी बघत नाही आणि घोळ बहुतेक तिथेच असतो. मशीनसोबत येणारा मध्यम पट्टा साधारण २२ ते ३२ सेंमी घेराच्या दंडासाठी असतो. दंड त्याहून जाड असेल तर तो पट्टा आकडा फुगवून दाखवतो, आणि अशा माणसाच्या गोळ्या विनाकारण वाढत जातात. शिंप्याच्या टेपने दंडाचा मधला घेर मोजा, मोठा हवा असेल तर मोठा पट्टा घ्या. मनगटावरची मशीनं मी वापरू देत नाही.

सात दिवस, सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी जेवणाआधी, मिनिटभराच्या अंतराने दोन-दोन वेळा मोजा आणि सगळे आकडे लिहा. वाईट आलेले गाळू नका, चांगले आलेलेही गाळू नका. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ च्या आत असेल तर दवाखान्यातल्या एकशे पन्नासची धास्ती घ्यायची गरज नाही. तो पांढऱ्या कोटाचा, म्हणजे डॉक्टरांसमोरच्या धाकधुकीचा परिणाम. उलटंही घडतं: दवाखान्यात उत्तम, घरी कायम वर. हे जास्त घातक, कारण ते कोणाच्या लक्षात येत नाही.

गोळी पोटात जाते का, आणि कशी जाते?

इथे पेशंट नाराज होतात, तरी विचारावं लागतं. सलग किती दिवस चुकली? एकादशीला, संकष्टीला, श्रावणी सोमवारी घेतली का? “उपास होता, उपाशीपोटी कशी घ्यायची?” हे उत्तर नेहमीचं. टेल्मिसार्टनला जेवणाची गरज नाही. रिकाम्या पोटी, एक घोट पाण्यासोबत चालते. सकाळी घ्यावी की रात्री, यावरही बरीच चर्चा होते. ब्रिटनमध्ये २१ हजारांहून जास्त लोकांवर झालेल्या ‘टाइम’ या चाचणीने २०२२ साली दाखवलं की बीपीच्या गोळ्या सकाळी घ्या किंवा संध्याकाळी, हार्ट अटॅक आणि स्ट्रोकच्या प्रमाणात फरक पडत नाही. विसरणार नाही ती वेळ तुमची.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. टेल्मिसार्टनची गोळी हवेतला ओलावा पटकन ओढते. उत्पादकांच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं असतं की घेण्याच्या वेळीच ती स्ट्रिपमधून काढावी. आपल्याकडे आठवड्याच्या सगळ्या गोळ्या रविवारी सोलून सोमवार ते रविवारच्या खान्यांत भरून ठेवायची पद्धत आहे. विसरणाऱ्यांसाठी डबा चांगलाच, पण कोकणातल्या पावसाळ्यात, जिथे पापडसुद्धा तासाभरात मऊ पडतो, तिथे ही गोळी उघडी ठेवू नका. डबा वापरायचाच तर कात्रीने स्ट्रिपचा तेवढा तुकडा कापून सील न फोडता खान्यात ठेवा. मऊ पडलेली, चिकट किंवा भुगा होणारी गोळी टाकून द्या.

तिसरी गोष्ट, नावापुढची अक्षरं. त्याच नावाच्या गोळीला ‘एएम’ लागलं की आत अॅम्लोडिपिनही असतं, ‘एच’ लागलं की हायड्रोक्लोरोथायझाइड, ‘सीटी’ असेल तर बहुधा क्लोरथॅलिडोन (या दोन्ही लघवीच्या गोळ्या). मेडिकलमध्ये एक ब्रँड संपला म्हणून दुसरा दिला जातो आणि त्या गडबडीत अक्षर गळतं. दोन औषधांवर असलेला माणूस नकळत एकावर येतो आणि महिन्याभराने बीपी वर जातं. ब्रँडचं नाव बाजूला ठेवा, खाली बारीक अक्षरांत छापलेले घटक आणि मिलिग्रॅम जुन्या स्ट्रिपशी ताडून बघा. जनऔषधीची साधी गोळी घेतलीत तरी चालेल, घटक तेच हवेत.

याच्या उलट प्रकार म्हणजे एकच औषध दोनदा. गावातल्या डॉक्टरांनी एका ब्रँडचं टेल्मिसार्टन दिलंय, शहरातल्या हार्टच्या डॉक्टरांनी दुसऱ्या ब्रँडचं, आणि दोन्ही चालू. किंवा एकाकडून रॅमिप्रिल, दुसऱ्याकडून टेल्मिसार्टन. ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ दोन्ही त्याच एका वाटेवरची औषधं. २००८ साली ‘ऑनटार्गेट’ या २५ हजारांहून जास्त पेशंटच्या चाचणीत ही जोडी तपासली गेली: रॅमिप्रिलच्या तुलनेत फायदा वाढला नाही; बीपी फार उतरणं आणि किडनीच्या तक्रारी मात्र वाढल्या. पिशवीत ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ दोन्ही सापडली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. (कोरड्या खोकल्यामुळे ‘प्रिल’ बंद करून ‘सार्टन’ दिलं असेल आणि जुनी स्ट्रिप संपवायची म्हणून तुम्ही अजून घेत असाल, तर तो खोकलाही जाणार नाही.)

आणि थोडा धीर. टेल्मिसार्टनचा बराचसा परिणाम दोन आठवड्यांत दिसतो, पूर्ण परिणामाला सुमारे चार आठवडे लागतात. चौथ्या दिवशी “लागू पडत नाही” म्हणून डॉक्टर बदलणाऱ्याच्या हाती तीन चिठ्ठ्या येतात आणि उत्तर एकही नाही.

सकाळी जास्त, संध्याकाळी बरोबर

वहीत असा नमुना दिसला तर आधी कोणतं सार्टन चालू आहे ते बघा. टेल्मिसार्टन शरीरात रेंगाळतं; त्याची मात्रा निम्मी व्हायला सुमारे २४ तास लागतात. लोसार्टनचं प्रत्यक्ष काम करणारं रूप ६ ते ९ तासांत निम्मं होतं. म्हणून सकाळी आठला लोसार्टन घेणाऱ्या काहींचा दुसऱ्या दिवशीचा पहाटेचा आकडा वर असतो. डॉक्टर तोच डोस दोन वेळांत विभागून देतात किंवा लांब टिकणाऱ्या सार्टनवर नेतात. टेल्मिसार्टनवर असूनही फक्त सकाळचेच आकडे वाढलेले असतील तर झोपेकडे बघा. जोरात घोरणं, मध्येच श्वास अडकणं, दिवसा पेंग येणं हे सांगायला पेशंटपेक्षा बायको किंवा नवरा जास्त उपयोगी पडतो. रात्रीची दारू हेही सकाळच्या आकड्यामागचं कारण असतं, आणि ते तिसऱ्या भेटीत बाहेर येतं.

बीपी दुसऱ्या वाटेने येतंय

आकडा खरा, गोळी नीट, तरी वर. मग पहिला संशय मिठावर. भरपूर मीठ खाणाऱ्याच्या शरीरात रेनिन आधीच दबलेलं असतं. सार्टनने अडवायला समोर फारसं काही उरत नाही, आणि बीपी साचलेल्या मीठ-पाण्याच्या जोरावर चढतं. म्हणून मीठ कमी केलं की इतर गोळ्यांपेक्षा सार्टनचा परिणाम जास्त खुलतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा जेमतेम एक सपाट चमचा, सगळं धरून. “आम्ही वरून मीठ घेतच नाही” हे मी मानतो, पण पापड, लोणचं, खारवलेली मिरची, ठेचा, फरसाण, वेफर्स आणि किनारपट्टीवर सुकट-खारं बांगडं, हे वरून घेतलेलं मीठच आहे. सैंधव आणि काळं मीठही त्यातच आलं, नाव कितीही सात्त्विक असलं तरी. पोट साफ होण्यासाठी किंवा ॲसिडिटीसाठी घेतलेली फेसाळणारी चूर्णं आणि गोळ्या यांतही भरपूर सोडियम असतं.

दुसरा संशय गुडघ्यांवर. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब या वेदनाशामक गोळ्या किडनीत मीठ-पाणी साठवतात आणि सार्टनचा परिणाम बोथट करतात. मेडिकलमधून सांगून आणलेल्या, नाव माहीत नसलेल्या “सांधेदुखीच्या दोन रंगांच्या गोळ्या” बहुधा यांतल्याच. सार्टन, लघवीची गोळी आणि अशी वेदनाशामक गोळी असं त्रिकूट जमलं तर किडनी अचानक बसू शकते, त्यातही म्हाताऱ्या माणसाला जुलाब-उलट्या झालेल्या असतील तर फारच. दुखण्यावर पॅरासिटामॉल आधी, तेही जमल्यास फेसाळणारं नाही.

तिसरा संशय कोणालाच येत नाही: ज्येष्ठमध. घसा धरला की त्याची कांडी चघळणं किंवा काढ्यात टाकणं हे आपल्या घरांत अंगवळणी पडलंय. दोन दिवसांनी काही बिघडत नाही. पण रोज, आठवडेच्या आठवडे घेतलं तर त्यातलं ग्लिसिऱ्हायझिन किडनीत अल्डोस्टेरॉनसारखा परिणाम घडवून आणतं. बीपी चढतं, पोटॅशियम उतरतं. सार्टन इथे हतबल, कारण अडवलेली जागा अलीकडे आहे आणि गोंधळ पलीकडे चाललाय. गाणाऱ्यांना आणि शिक्षकांना मी हे मुद्दाम विचारतो.

नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या, स्टेरॉइड, गर्भनिरोधक गोळ्या यांचंही नाव डॉक्टरांना सांगा. “ती बीपीची नाही म्हणून नाही सांगितली” असं नको.

चाळीसची ऐंशी, की दुसरी गोळी सोबत?

वरचं सगळं तपासून झालं आणि आकडा अजून वर आहे. आता डोस. पेशंटला वाटतं मिलिग्रॅम दुप्पट म्हणजे परिणाम दुप्पट. सार्टनच्या बाबतीत हे अजिबात खरं नाही. दुपटीने थोडासाच फरक पडतो. २००९ साली ४२ चाचण्यांचा, सुमारे ११ हजार लोकांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाच औषधाचा डोस दुप्पट करण्यापेक्षा वेगळ्या गटातलं दुसरं औषध जोडल्याने बीपी जवळजवळ पाचपट जास्त उतरतं, असं त्यातून दिसलं. एक वाट जास्त घट्ट बंद करण्याऐवजी दुसरी बंद करायची, हाच हिशेब. म्हणून डॉक्टरांनी चाळीसची ऐंशी न करता सोबत अॅम्लोडिपिन दिलं तर “गोळ्या वाढवल्या” म्हणून रुसू नका. माझं मत विचाराल तर दोन औषधं एकाच गोळीत असलेली बरी. चुकण्याची जागा एक कमी होते. २०१७ साली सुरू झालेल्या आणि पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र असलेल्या ‘इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह’ या सरकारी कार्यक्रमातही अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन एवढ्याच मोजक्या औषधांवर टप्प्याटप्प्याने उपचार चालतो.

अॅम्लोडिपिनने घोट्याशी सूज येते. सार्टन सोबत असेल तर ती कमी येते, हा या जोडीचा फायदा. लघवीची गोळी सुरू केल्यावर युरिक ॲसिड वाढून पायाचा अंगठा सुजत असेल, तर सार्टनांमध्ये लोसार्टन युरिक ॲसिड थोडं कमी करतं, हे डॉक्टरांशी बोलताना लक्षात ठेवा.

रिपोर्ट बघून घाबरून गोळी बंद केली, आणि बीपी पुन्हा वर

हाही वारंवार होणारा प्रकार. सार्टन सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला आकडा) आणि पोटॅशियम तपासतात. क्रिएटिनिन थोडं वाढतंच. किडनीच्या गाळणीतला दाब उतरल्याची ती खूण असते. आधीच्या आकड्यापेक्षा ३० टक्क्यांपर्यंतची वाढ, म्हणजे १.० चं १.३, सहसा चालते. इथे शेजारच्यांच्या सांगण्यावरून गोळी बंद करणं म्हणजे ज्या औषधाने मधुमेही किडनी वाचते तेच सोडणं. वाढ त्याहून जास्त असेल तर मात्र डॉक्टर शरीर कोरडं पडलंय का, वेदनाशामक चालू आहेत का, किडनीच्या रक्तवाहिन्या अरुंद आहेत का, ते शोधतात.

पोटॅशियम ५.५ च्या वर गेलं तर डोस कमी करावा लागतो, ६ किंवा वर गेलं तर गोळी थांबवून तातडीने उपचार. पण आधी रक्ताचा नमुना कसा घेतला आणि नेला ते विचारा. घरी रक्त घेऊन डबा उन्हातान्हात फिरला, रक्तपेशी नळीतच फुटल्या, तर पोटॅशियम खोटंच जास्त येतं. तब्येत ठीक असेल आणि ईसीजी साफ असेल तर डॉक्टर ताबडतोब दुसरा नमुना मागवतात. तो खरा निघाला तर स्वयंपाकघर बघायचं: ‘कमी सोडियम’चं मीठ वापरताय का? त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. किडनी कमजोर आणि सार्टन चालू, अशा माणसाला ते मीठ विचारल्याशिवाय नको. रोजचं शहाळंही नको. ट्रायमेथोप्रिम असलेलं अँटिबायोटिक किंवा स्पायरोनोलॅक्टोन (पोटॅशियम राखून ठेवणारी लघवीची गोळी) चालू असेल तर तेही सांगा.

जुलाब-उलट्या, तीव्र ताप, खाणंपिणं बंद अशा दिवसांत सार्टन आणि लघवीची गोळी तात्पुरती थांबवायची असते. ती कधी थांबवायची आणि कधी पुन्हा सुरू करायची हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. विदर्भाच्या मे महिन्यात उठताना घेरी येत असेल तर उभं राहून एका आणि तीन मिनिटांनी बीपी मोजा. उन्हाळ्यात डोस कमी झाला आणि थंडीत परत वाढवायचा राहिला, हेही जानेवारीतल्या एकशे साठचं कारण असतं.

ऑल्मेसार्टनवर असताना महिनोन्‌महिने जुलाब आणि वजन घटणं असं काही असेल तर गोळीवर संशय घ्या. अमेरिकेच्या औषध नियामकाने याबद्दल २०१३ साली इशारा दिला होता. सुरू केल्यानंतर काही वर्षांनीही हा त्रास उद्भवू शकतो.

मूल हवं असलेल्या किंवा पाळी चुकलेल्या स्त्रीने सार्टन घेऊ नये. विशेषतः चौथ्या महिन्यापासून बाळाच्या किडनीला आणि गर्भजलाला गंभीर धोका असतो. पण सगळ्याच गोळ्या सोडून बसायचं नाही. लॅबेटॅलॉल, निफेडिपिन किंवा मिथिलडोपा यांवर डॉक्टर त्याच दिवशी बदल करून देतात.

तीन गोळ्या झाल्या, तरीही वर

सार्टन, अॅम्लोडिपिनसारखं औषध आणि लघवीची गोळी, तिन्ही योग्य डोसात, नियमित, आणि घरची सरासरी तरी वरच: आता याला हट्टी बीपी म्हणायचं. इथे बीपी तज्ज्ञ किंवा किडनीतज्ज्ञ लागतो. अॅड्रिनलमधून अल्डोस्टेरॉन आपोआप जास्त सुटणं हे यातलं बऱ्याचदा निसटणारं कारण. काहींचं पोटॅशियम कमी येतं, अनेकांचं नॉर्मलच असतं, त्यामुळे रेनिन आणि अल्डोस्टेरॉन मोजल्याशिवाय कळत नाही. त्या तपासणीवर सार्टनचा परिणाम होतो, म्हणून लॅबच्या कागदावर चालू गोळ्यांची नावं लिहा. तपासणीसाठी गोळी स्वतःहून बंद करू नका. कारण सापडलं नाही तरी चौथी गोळी म्हणून थोड्या डोसातलं स्पायरोनोलॅक्टोन चांगलं काम करतं, हे २०१५ च्या ‘पाथवे-२’ चाचणीत दिसलंय. सार्टनसोबत ते सुरू झालं की पोटॅशियम पहिल्या आठवड्यात आणि नंतर महिन्याने तपासायचं, त्या तारखा चिठ्ठीवरच लिहून घ्या.